रिव्हर्सचा ड्रायव्हर

टीव्हीवर मोटारींच्या शर्यती लागल्या की मी चॅनल बदलत नाही, पण बघताना कुरकुर करतो. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, अंगभर सूट, आणि करायचं काय, तर गाडी पुढे पळवायची. पुढे तर कुणीही पळवेल. मी बारा वर्षं ट्रॅक्टर मागे पळवतो आहे, तोही चार चाकांची ट्रॉली जोडून आणि अनवाणी पायांनी. बायको म्हणते, तुमचा गर्व काही जात नाही. गर्व आहेच. दुसरं काही मला इतकं नीट जमलेलंही नाही.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जत्रेला, कुठल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला किंवा सुगी आटोपली की नुसती हौस म्हणून ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धा भरतात. मैदानात फक्कीने एक वाकडीतिकडी वाट आखतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना झेंडी लावलेल्या काठ्या रोवतात. त्या वाटेने ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी न्यायची. काठी पडली की बाद. सगळ्यांत कमी वेळात जो वाटेच्या टोकाला मधोमध रोवलेल्या शेवटच्या काठीपाशी येऊन थांबेल तो पहिला. ट्रॉली आयोजकांची, सगळ्यांना एकच. ट्रॅक्टर ज्याचा त्याचा, पण कंपनीतून आला तसाच पाहिजे, आत काही फेरफार चालत नाही. एवढेच नियम.

दोन चाकांची ट्रॉली मागे नेणं सोपं आहे. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे आठवडाभरात हाताला कळतं. चार चाकांची ट्रॉली मात्र नाठाळ. तिची पुढची चाकं आपल्या मनाने वळतात, मागची त्यांचं ऐकत नाहीत, आणि ड्रायव्हरने एकदा चूक केली की ती दुरुस्त करायला पुढे जायची सोय नसते. म्हणून मी स्टिअरिंगकडे बघतच नाही. मान उजवीकडे वळवून ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर नजर ठेवतो, आणि क्लच पायाच्या बोटांनी सोडतो, अगदी थोडा थोडा. चपलेतून ते कळत नाही, म्हणून अनवाणी.

हे मी कुठे शिकलो, असं विचारतात. खामगावच्या बाजार समितीत शिकलो. मी आमच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टरवर आहे. मी त्यांना मालक म्हणतो, सगळं गावच म्हणतं. सोयाबीनच्या हंगामात समितीच्या आवारात इतक्या ट्रॉल्या दाटतात की पुढे जायला जागा नसते. एकदा आमची ट्रॉली अशीच अडकली. वैतागून मी तिला दोन रांगांमधल्या फटीतून उलटी काढली, सरळ लिलावाच्या ओट्याला नेऊन लावली. दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नव्हती. हमाल हातातलं काम टाकून बघत राहिले. मालक ट्रॉलीतल्या पोत्यांवर बसले होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खाली उतरून त्यांनी आधी दोन्ही बाजूंना ओरखडा आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, लोणार तालुक्यात बीबी गावाकडे कुठेतरी असल्या स्पर्धा होतात म्हणे, चौकशी करू.

मग आमचा सराव सुरू झाला. कापूस वेचून झालेल्या वावरात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून आम्ही त्यांच्या दोन रांगा रोवायचो आणि मी त्यांच्यामधून उलटा जायचो. मालक मोबाइलवर वेळ लावून उभे. पहिल्या महिन्यात मी निम्म्या पऱ्हाट्या आडव्या केल्या आणि रोज एकदा तरी शिव्या घातल्या, कधी ट्रॉलीला, कधी स्वतःला. मालकांनाही एकदा घातली, ती त्यांनी ऐकली नाही असं दाखवलं. माणूस मोठा भला आहे. दुसऱ्या महिन्यात पऱ्हाट्या पडेनाशा झाल्या, तेव्हा मालकांनी त्या जवळ जवळ रोवायला सुरुवात केली.

पहिली स्पर्धा जिंकलो ती आमच्याच तालुक्यात. घरचे सगळे आले होते, माझा बासुद्धा. बाबद्दल थोडं सांगायला हवं. बा तीस वर्षं मालकांच्या वडिलांकडे सालदार होता. औत, पाणी, रखवाली, सगळं त्याच्याकडे. साठी उलटल्यावर त्याच्या डोळ्यांत काचबिंदू झाला, आणि तो आम्हाला कळला तेव्हा उशीर झाला होता. शेगावला शिबिरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. वर्षभरात उरलेलीही गेली. बाने त्याचा फार बाऊ केला नाही. काठी घेतली, घर ते विहार आणि विहार ते पार एवढी वाट पाठ केली, आणि कानांवर निभावून नेऊ लागला. इंजिनाच्या आवाजावरून कुणाचा ट्रॅक्टर आहे हे तो सांगतो, ते आजवर चुकलेलं नाही.

तर त्या पहिल्या स्पर्धेत मी जिंकलो. माइकवाल्याने घसा ताणून जाहीर केलं की पहिला नंबर अमुक अमुक पाटलांचा. म्हणजे मालकांचा. तशीच पद्धत आहे. फॉर्मवर एकच रकाना असतो, ट्रॅक्टर मालकाचे नाव, आणि माइकवाला तेवढंच वाचतो. शील्ड मालकांनी घेतली, माझ्या पाठीवर थाप मारली, माझ्यासाठी नवा शर्ट आणला होता तो दिला. मी खूश होतो. नाचतच बाच्याकडे गेलो. बा बाकावर बसला होता, माझ्या पायांचा आवाज ओळखून त्याने मान वर केली.

"मालक पैले आले म्हने," बा म्हणाला. "तू कितवा आलास?"

मी हसलो, मग समजावून सांगितलं. मालक कडेला उभे असतात, चालवतो मी. बा ऐकत होता. ऐकून म्हणाला, "तं मंग तुहं नाव काऊन नाई घेतलं?"

मला राग आला. त्याचा, माइकवाल्याचा, आणि खरं सांगायचं तर मालकांचाही. मी काहीतरी तुटक बोललो आणि पाणी प्यायला निघून गेलो.

पुढची पाच-सहा वर्षं हेच चाललं. मी जिंकत होतो. सगळ्याच नाही, पण बऱ्याच. लोणार, मेहकर, मोताळा, जळगाव जामोद, कुठे कुठे गेलो. एकदा काठ्यांऐवजी पाण्याने भरलेल्या बाटल्या होत्या, एकदा ऐन स्पर्धेत वाटेत म्हैस येऊन उभी राहिली आणि हलेचना. माझी मान उजवीकडेच वळलेली राहते, अशी गावात थट्टा व्हायची. रोज संध्याकाळी बायको तेल लावून मान चोळायची आणि म्हणायची, लग्नात बघून घेतलं तेव्हा सरळ होती. मालकांच्या बैठकीतलं काचेचं कपाट शील्डांनी भरलं. मला त्या शील्डा नको होत्या. मला चालवायला मिळत होतं, आणि मैदानात ट्रॉली शेवटच्या वळणातून सुटून सरळ झाली की जे वाटतं ते मी कुणाला सांगू शकत नाही. पण घरी आलो की बा विचारायचाच, तू कितवा आलास. मी म्हणायचो, पहिला. बा मान हलवायचा, लहान पोराचं खोटं ऐकून घेतात तशी. पारावर कुणी विचारलं तर सांगायचा, पोरगा मालकासंगं जात असते.

नजर असती तर एकदा बघून त्याला पटलं असतं. त्याच्याजवळ फक्त कान होते, आणि कानांवर माझं नाव कधी पडत नव्हतं. बा जिवंत असेपर्यंत एकदा तरी ते माइकवरून त्याच्या कानावर पडावं, एवढी एकच गोष्ट मला त्या काळात हवी होती. पण मालकांना मी ते बोललो नाही. हट्टी स्वभाव. न मागता द्यावं, असं वाटायचं. मालकांना न सांगता ते कळणार कसं, हा विचार मी करत नव्हतो.

बायको आशा सेविका आहे. घरोघर जाऊन बोलायची तिला सवय, त्यामुळे तिला भीडभाड कमी. एके दिवशी मालकांच्या सुनेची तपासणी करायला गेली आणि येताना मालकांना ओट्यावर गाठून सगळं सांगून आली. मला घरी आल्यावर कळलं. मी तिच्यावर खूप चिडलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टरचं ऑइल बघत होतो, तर मालक शेडमध्ये आले. बराच वेळ टायरवर हात फिरवत उभे राहिले.

"माह्या ध्यानातच आलं नाई गड्या," ते म्हणाले. "इतके वर्सं झाले. तू तरी बोलाचं होतं ना बे."

मी खाली बघत होतो. तेवढ्यात त्यांनी खिशातून कागद काढला. बीबीच्या स्पर्धेचा फॉर्म होता. रकान्यातल्या 'मालकाचे' या शब्दावर त्यांनी पेनाने रेघ मारली, वर 'ड्रायव्हरचे' असं लिहिलं, आणि फॉर्म माझ्या हातात दिला. म्हणाले, तूच भर, माझं अक्षर बरं नाही. मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून नाव लिहिलं. फॉर्मवर लिहितात तसं, पूर्ण. आणि त्या दिवशी दुपारी दुप्पट जेवलो.

बीबी आमच्या गावाहून लांब. आदल्या दिवशी मी ट्रॅक्टर चालवत नेला आणि मालकांच्या पाहुण्यांकडे मुक्काम केला. सकाळी मालकांच्या गाडीतून बा आणि बायको आले. बाने धुवट धोतर आणि पांढरी टोपी घातली होती. मी मैदानात जाऊन आखलेली वाट पायांनी तीनदा चालून घेतली, कुठे वळण आवळ आहे, कुठे जमीन बसली आहे, सगळं. तेवढ्या वेळात बायकोने काय केलं, तर रस्त्याने धुळीने माखलेला ट्रॅक्टर पुसून काढला. नुसता पुसला नाही. आज माझं नाव घेणार म्हणून तिने फडक्याला खोबरेल तेल लावून सगळा चकाचक केला. बॉनेट, मडगार्ड, सीटची कडी. आणि क्लच-ब्रेकचे पेडलसुद्धा. पोळ्याच्या बैलासारखा तो चमकत होता. मी तिला शाबासकी दिली.

ट्रॅक्टर रेषेपर्यंत मी चपला घालूनच नेला, त्यामुळे काही कळलं नाही. ट्रॉली जोडली. माइकवाला मेहकरकडचा, आवाज भारी. त्याने फॉर्म वाचला, माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाला, तयार राहा. मी चपला काढून खाली टाकल्या, मान वळवली, आणि झेंडी पडताच क्लच सोडू लागलो.

पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरं. सगळं हातचं काम. लोक ओरडत होते. पाय थोडा सरकतोय असं वाटलं, पण घाम असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. शेवटच्या वळणातून ट्रॉली सुटली, सरळ झाली, शेवटची काठी हाताएवढ्या अंतरावर राहिली, आणि मी क्लच दाबायला गेलो तर तळवा तेलावरून सटकला. ट्रॅक्टरने मागे एक उडी घेतली. काठी मोडून ट्रॉलीखाली गेली.

माइकवाल्याने पुन्हा माझं पूर्ण नाव घेतलं, तेवढ्याच दणक्यात, आणि पुढे म्हणाला, बाद.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. मग खाली वाकून पेडलला बोट लावलं, वास घेतला आणि सगळं समजलं. बायको धावत आली, काय झालं म्हणून विचारू लागली. मी म्हणालो, घाई झाली माझी. मालकांनाही तेच सांगितलं. तिला आजही खरं माहीत नाही. हे लिहिलेलं तिने वाचलं तर कळेल, आणि मग माझी धडगत नाही.

बा मालकांच्या गाडीजवळ खुर्चीवर बसला होता. इतक्या वर्षांनी नाव घेतलं, तेही बाद म्हणून. मी जाऊन त्याच्यापुढे उकिडवा बसलो. बाचा चेहरा मात्र वेगळाच दिसत होता. तो हसत होता.

"दोनदा घेतलं त्यानं," बा म्हणाला.

मी म्हणालो, "बाद झालो मी, बा."

"थे आयकलं मी. पन माहं नाव दोनदा घेतलं त्यानं. पूरं घेतलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझं नाव, मध्ये बाचं नाव, मग आडनाव. मी फॉर्मवर ते तसं लिहिलं होतं कारण तसंच लिहितात, शाळेपासून तसंच लिहीत आलो. बाचं नाव त्याआधी कुणी मोठ्याने घेतल्याचं मला आठवत नाही. गावात त्याला अर्ध्या नावाने हाक मारायचे, तीही काम सांगायला. पूर्ण नाव मतदार यादीत होतं, आणि ती यादी काही कुणी माइकवरून वाचत नाही. मला बाने माझं नाव ऐकावं असं वाटत होतं. बाने त्याचं ऐकलं. माझा राग कुठे गेला ते मलाच समजलं नाही. मी तिथेच मातीत बसलो आणि आम्ही दोघं बराच वेळ बोलत राहिलो. माइकवाल्याचा आवाज कसा खणखणीत आहे, नाव घेताना तो कसा थांबून थांबून घेतो, सगळं बाने मला सांगितलं. कोण जिंकलं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

बीबीहून आल्यावर बाने पारावर सगळ्यांना सांगितलं की आपलं नाव लोणार तालुक्यात घेतलं. बाद झाल्याचंही सांगितलं. लपवाछपवी त्याला जमत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक मैदानात गाडीवर चढायच्या आधी माइकवाल्याकडे जातो आणि सांगतो, नाव पूर्ण घ्यायचं, वडिलांचं सोडायचं नाही. पेडलही शर्टाच्या टोकाने पुसून घेतो. माइकवाले आपसांत हसतात, याला नावाची फार हौस, म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या हिवाळ्यात पिंपळगाव राजाला मोठी स्पर्धा झाली. वाट फार आवळ होती, निम्मे ट्रॅक्टर दुसऱ्या वळणावरच बाद झाले. माझी एकही झेंडी हलली नाही. बक्षिसासाठी मांडव घातला होता, पुढच्या रांगेत मालक आणि त्यांच्या शेजारी बा. मला स्टेजवर बोलावून घेतलं होतं, पाहुणे शील्ड हातात धरून उभे होते. माइकवाल्याने तिसरा नंबर सांगितला, दुसरा सांगितला, आणि मग पहिला. माझं नाव घेतलं. मग बाचं घेतलं.

आणि खाली बा उभा राहिला.

हाक आली की उठायचं, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक. काठी खुर्चीला टेकलेली राहिली, तो ताठ उभा, तोंड आवाजाच्या दिशेने. लोकांना वाटलं त्याला काही हवं आहे. मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग तेही उठले आणि त्यांनी बाच्या कोपराला हात दिला. पाहुणे शील्ड माझ्यापुढे करत होते. मी हात मागे घेतले.

"ज्याईचं नाव घेतलं थे खाली उभे हायेत," मी म्हणालो. "त्यायले द्या."

पाहुणे पायऱ्या उतरून खाली गेले. बाने शील्ड दोन्ही हातांनी घेतली, आणि मालकांनी दोनदा सांगूनही तो बसला नाही.